हप्ता कधी चुकला नाही, तरी कार्ड का नाकारलं?

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. नोकरीत असताना तिने गावच्या पतसंस्थेतून तीनदा कर्ज काढलं: घराच्या स्लॅबसाठी, मुलीच्या शिक्षणासाठी आणि एकदा आजारपणात. तिन्ही वेळा हप्ते वेळच्या वेळी गेले. गेल्या वर्षी तिने एका बँकेत क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला. चौथ्या दिवशी मोबाइलवर एका ओळीचा मेसेज आला, की बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही. मावशी पासबुकांचा गठ्ठा पिशवीत घालून माझ्याकडे आली. “अगं, यात एक तरी हप्ता उशिरा भरलेला दाखव मला,” म्हणाली. कार्ड न मिळाल्याचं तिला फारसं वाटलं नव्हतं. आपल्याला कुणीतरी बुडवी समजलं, हे तिच्या मनाला लागलं होतं.

खरं तर बँकेपर्यंत ती पासबुकं पोचलीच नव्हती. आपल्या देशात कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका, वित्त कंपन्या, नागरी सहकारी बँका त्यांना माहिती पुरवतात. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नाहीत, आणि तिथल्या कर्जाची नोंद या कंपन्यांच्या अहवालांत सहसा दिसत नाही. भिशी, वाण्याकडची उधारी, विम्याचे हप्ते, वीजबिल हे सगळं वर्षानुवर्षं चोख सांभाळलं तरी अहवालाचं पान कोरंच राहतं. मावशीचं तसंच होतं. महाराष्ट्रात पतसंस्थेच्या आधारावर संसार उभे केलेली असंख्य माणसं आहेत. त्यांची चांगली पत गावाला ठाऊक असते, पण बँकेच्या संगणकाला ती नवखीच वाटतात.

‘स्कोअर साडेसातशेच्या वर असला की कार्ड मिळालंच पाहिजे’ हा समज तर घरोघरी आहे. या कंपन्या नोंदींवरून देतात तो स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो, हे बरोबर. पण अमुक आकड्याला कार्ड द्यावंच, असा रिझर्व्ह बँकेचा कोणताही नियम नाही. शिवाय तुमचा पगार किती, बँकेत ठेव किती, हे स्कोअरला माहीतच नसतं. बँकेला मात्र ते पाहावं लागतं. समजा, हातात ६० हजार येतात. त्यातले २४ हजार घराच्या आणि ९ हजार गाडीच्या हप्त्याला जातात. म्हणजे निम्म्याहून जास्त पगार आधीच बांधलेला. हे हप्ते तुम्ही एक दिवसही चुकवले नसतील, स्कोअरही उत्तम असेल, तरी नवीन उधारीचा भार पेलेल का, हा प्रश्न उरतोच. त्याखेरीज वय, नोकरी किती जुनी, उत्पन्न कशातून, पत्त्याची पडताळणी झाली का, याचे प्रत्येक बँकेचे आपापले निकष असतात. त्यामुळेच एकाच माणसाला एक बँक नाही म्हणते आणि दुसरी हो. ‘सिबिलने नाकारलं’ असं आपण सहज म्हणतो, पण सिबिल फक्त नोंद पुरवते. हो-नाही ठरवते ती बँकच.

दुसरी गोष्ट वापराची. ‘मी दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, मग किती वापरलं याच्याशी काय देणंघेणं?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. आहे देणंघेणं. तुमच्या कार्डाची मर्यादा ५० हजार आहे आणि दर महिन्याला ४५ हजारांची खरेदी होते. बिल तुम्ही मुदतीत फेडता, पण बँक नोंद पाठवते त्या दिवशी खात्यावर ४५ हजार बाकी दिसते. अहवाल वाचणाऱ्याला वाटतं, या माणसाने आपली उधारीची ऐपत जवळजवळ संपवली आहे. उपाय साधा आहे: बिल निघायच्या आधीच थोडी रक्कम भरून टाकायची. पूर्वी नोंद महिन्यातून एकदा जात असे, १ जानेवारी २०२५पासून ती किमान दर पंधरवड्याला पाठवणं बंधनकारक झालं. त्यामुळे बाकी कमी केल्याचा परिणामही आता लवकर दिसतो.

बायकांच्या बाबतीत एक अडचण फार जवळून पाहिली आहे. पॅन कार्डावर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, बँकेच्या खात्यात मधलं नाव वडिलांचं, तर पगाराच्या पावतीवर नवऱ्याचं. अर्ज संगणकात गेला की ही चार वेगळी माणसं ठरू शकतात. कधी अर्ज तिथेच अडतो, कधी जुन्या कर्जाची चांगली नोंद नव्या नावाला जोडलीच जात नाही. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर ते सगळीकडे बदलावं, नाहीतर कुठेच बदलू नये, असं मी माझ्या मैत्रिणींना कळकळीने सांगते.

जामीन राहिल्याचा विसरही असाच नडतो. मित्राच्या कर्जाला दिलेली सही तुमच्या अहवालात दिसते, आणि त्याने थकवलं तर तेही. जुनं कर्ज ‘तडजोडीने’ मिटवलं असेल तर तिथे पूर्ण फेडल्याचा शेरा नसतो. बँकेने काही रक्कम सोडून दिली, हे त्यातून कळतं.

नकार आला की लोक चिडून त्याच आठवड्यात आणखी चार बँकांत अर्ज टाकतात. हे करू नका. प्रत्येक अर्जाबरोबर बँक तुमचा अहवाल मागवते, त्या चौकशीची नोंद राहते आणि पाचव्या बँकेला तुम्ही पैशांसाठी दारोदार फिरताय असं दिसतं. आपला अहवाल आपण स्वतः पाहिला तर मात्र काहीही बिघडत नाही. स्कोअर बिघडेल या भीतीपोटी लोक तो उघडतच नाहीत, याचं वाईट वाटतं. चारही कंपन्यांकडून दर कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो.

आणखी एक समज: वेळेवर भरणाऱ्याकडून व्याज मिळत नाही, म्हणून बँका त्याला टाळतात. पण कार्डाने केलेल्या प्रत्येक खरेदीत दुकानदाराकडून काही टक्का कापला जातो, त्यातला वाटा बँकेचा असतो. चांगला ग्राहक तिला हवाच असतो. हात आखडता घेण्यामागे कधी कधी तुमच्याशी संबंध नसलेलं कारण असतं. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कार्डावरील उधारीचा जोखीम-भार १२५ टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर नेला. किमान ९ टक्के भांडवलाच्या हिशेबाने, शंभर रुपये उधारीमागे बँकेला जिथे स्वतःचे सव्वाअकरा रुपये लागत, तिथे साडेतेरा लागू लागले. अशा वेळी निकष कडक होतात आणि काठावरचे अर्ज गळतात.

मग करायचं काय? आधी कारण मागायचं, तेही लेखी. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२च्या कार्डविषयक निर्देशांनुसार, अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. ‘अंतर्गत धोरण’ एवढ्यावर समाधान मानू नका. अहवालात चूक सापडली तर त्या कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे, आणि तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पैसे घेऊन ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही, आणि खोटी असेल तर ती काढायला दलाल लागत नाही.

मावशीने पत्र लिहिलं. खाली सही करताना तिने ‘निवृत्त मुख्याध्यापिका’ असंही लिहिलं. उत्तर आलं: पतविषयक पूर्वनोंद उपलब्ध नाही. ते वाचून ती पहिल्यांदा सैलावली. “म्हणजे मी बुडवी नाही तर,” म्हणाली. मग तिने ३० हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर कार्ड घेतलं. आता त्यावर दर महिन्याला गॅस सिलिंडर आणि मोबाइलचं रिचार्ज जातं, आणि बिल आलं की त्याच संध्याकाळी ती ते भरते.