बुवांना ऊन हवं!

मेलबर्नला राहताना मी रीतसर परवाना काढून बिअर्डेड ड्रॅगन दत्तक घेतला. गळ्याला काटेरी दाढी, म्हणून नाव बुवा! पण अवस्था बघवेना. बरगड्या दिसत होत्या, पाय थरथरत होते. मी लगेच रातकिडे आणायला निघाले, तर व्हेट म्हणाली, ‘आधी ऊब!’ अंग तापल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. शेकायच्या दगडावर ४० अंश तरी हवेत. आणि दिवा लख्ख दिसतो म्हणून फसू नका. जुन्या ट्यूबमधले यूव्हीबी किरण कधीच संपलेले असतात. मग कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. बुवांचा वाकलेला पाय आता सरळ होणार नाही. पण नवी ट्यूब लावल्यावर तिसऱ्या आठवड्यात स्वारी स्वतःहून दगडावर चढली. त्या दिवशी माझी डेडलाइन हुकली. हुकू दे की!