औषधाच्या गोळीमागचे अडते

अमेरिकेत नोकरीला असलेल्या आपल्या नात्यागोत्यातल्या मुलामुलींशी बोलताना एक गोष्ट ध्यानात येते. नोकरी बदलायची म्हटली की पगाराच्या जोडीने 'इन्शुरन्स कसा आहे?' हा प्रश्न येतोच. तिथे आजारपणाचा खर्च नोकरीशी बांधलेला आहे. ही गाठ कशी बसली आणि तिच्या आड औषधांचा व्यवहार कोण सांभाळते, हे पाहण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, अमेरिकी सरकारने वेतनवाढीवर मर्यादा घातली. कामगारांची तर टंचाई होती. विम्यासारख्या सवलती मात्र या मर्यादेबाहेर राहिल्या. पगार वाढवता येत नाही तर विमा देऊ, असा मार्ग कंपन्यांनी काढला. १९५४ च्या करकायद्याने अशा विम्यावरील करसवलत पक्की केली. आज पंधरा कोटींहून अधिक अमेरिकनांचा विमा नोकरीतून येतो. अनेक मोठ्या कंपन्या विमा कंपनीकडून केवळ कागदपत्रांचे काम करून घेतात आणि उपचारांचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून देतात. हा पैसा मालकाचा दिसला, तरी अर्थतज्ज्ञांच्या मते तो बव्हंशी कामगाराच्या न मिळालेल्या पगारातूनच येतो.

या खर्चातला औषधांचा भाग सांभाळणाऱ्या मध्यस्थाला 'फार्मसी बेनिफिट मॅनेजर', थोडक्यात पीबीएम, म्हणतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा धंदा सुरू झाला तेव्हा त्याचे काम कारकुनी होते. रुग्णाने दुकानात कार्ड दाखवायचे, दुकानदाराने बिल पाठवायचे, मध्यस्थाने ते तपासून पैसे द्यायचे आणि त्याबद्दल ठरावीक शुल्क घ्यायचे. पुढे त्याच्या हाती दोन मोठी अस्त्रे आली. पहिले म्हणजे 'फॉर्म्युलरी', अर्थात विम्यात कोणती औषधे बसतील याची यादी. दुसरे म्हणजे 'रिबेट', अर्थात यादीत चांगली जागा मिळावी म्हणून औषध कंपनीने विक्रीनंतर परत करायची रक्कम. आज सीव्हीएस केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टमआरएक्स या तिघांच्या हातून देशातील सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शने जातात. तिघांचीही मोठ्या आरोग्यविमा कंपन्यांशी एकाच छत्राखाली सोयरीक आहे, आणि तिघांशी जोडलेली औषधविक्रीची व्यवस्थाही आहे.

आपल्या बाजार समितीतला अडत्या शेकडा किती घेतो, हे निदान सर्वांना ठाऊक असते. इथे तेच कळत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. एका औषधाची छापील किंमत ३०० डॉलर आणि रिबेट १५० डॉलर आहे. दुसऱ्या तशाच औषधाची किंमत १५० डॉलर आहे, रिबेट शून्य. विमा देणाऱ्याला दोन्ही सारखीच पडतात. पण मध्यस्थाला रिबेटमधला वाटा मिळत असेल तर त्याचा ओढा पहिल्या औषधाकडे राहील. वर्षाच्या सुरुवातीचा ठरावीक खर्च स्वतः सोसावा लागणाऱ्या रुग्णाला मात्र बहुधा ३०० डॉलरच्या हिशेबानेच पैसे मोजावे लागतात. ह्युमलॉग या इन्सुलिनच्या कुपीची किंमत १९९९ मध्ये २१ डॉलर होती. २०१७ पर्यंत ती २७४ डॉलरच्या वर गेली. औषध कंपन्यांनी मध्यस्थांकडे बोट दाखवले, मध्यस्थांनी औषध कंपन्यांकडे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इन्सुलिनच्या प्रश्नावरून या तिन्ही पीबीएमवर कारवाई सुरू केली.

कमाईची दुसरी वाट 'स्प्रेड'ची. दुकानदाराला द्यायचे कमी, विमा देणाऱ्याकडून घ्यायचे जास्त, आणि मधली रक्कम आपली. ओहायो राज्याच्या लेखापरीक्षकाने २०१८ मध्ये गरिबांसाठीच्या सरकारी योजनेचे हिशेब तपासले. एका वर्षात हा फरक सुमारे २२.४८ कोटी डॉलर निघाला. जेनेरिक औषधांवर तो ३१.४ टक्के होता.

इतका गुंतागुंतीचा करार साध्या कारखान्याच्या किंवा विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागाला कसा कळणार? म्हणून सल्लागार येतो. चांगला सल्लागार किमतीआधी व्याख्या वाचतो. करारात 'जेनेरिक' कशाला म्हटले आहे? 'रिबेट' या शब्दात औषध कंपनीकडून येणारी सर्व रक्कम धरली आहे, की 'व्यवस्थापन शुल्क' असे नाव देऊन काही भाग बाजूला काढला आहे? हिशेब तपासण्याचा अधिकार आहे का, आणि तपासनीस कोण नेमणार? सगळी बचत जशीच्या तशी मालकाला देऊन केवळ ठरावीक शुल्क घेणारा करार मिळेल का?

अडचण अशी की काही सल्लागारांना ज्या पीबीएमची निवड करायची, त्याच्याकडूनच प्रत्येक प्रिस्क्रिप्शनमागे रक्कम मिळत आली. वधूपक्षाकडून दक्षिणा घेणाऱ्या मध्यस्थाने वरपक्षाला निष्पक्ष स्थळ सुचवावे, अशी ही अपेक्षा. १९७४ चा 'एरिसा' कायदा सांगतो की अशा योजनेचा कारभार कामगारांच्याच हितासाठी चालला पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. हजार डॉलर किंवा अधिक मोबदला अपेक्षित असलेल्या आरोग्यविमा सल्लागाराने, तो कोणाकडून आणि किती मिळतो, हे योजनेच्या विश्वस्ताला लेखी कळवणे बंधनकारक झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या योजनेवर एक दावा दाखल झाला. दुकानात शंभर डॉलरच्या आत मिळणाऱ्या एका जेनेरिक औषधासाठी योजनेने दहा हजारांहून अधिक डॉलर मोजले, असा त्यात आरोप होता. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यातील मुख्य मागण्या तांत्रिक आधारावर फेटाळल्या. पण त्यामुळे करार न वाचता सही करणे महागात पडू शकते, ही जाणीव मालकवर्गात पसरली.

हेच सल्लागार दुसरी एक गोष्टही विकतात: वेलनेस. वजन, रक्तदाब, साखर तपासा, प्रश्नावली भरा, पावले मोजा आणि विम्याच्या हप्त्यात सूट मिळवा. २०१० च्या आरोग्य कायद्याने ही सूट विमाखर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत नेण्याची मुभा दिली. त्याच वर्षी कॅथरीन बायकर आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले होते की एका डॉलरमागे उपचारखर्चात ३.२७ डॉलर वाचतात. हा आकडा पुढे अनेक सादरीकरणांत झळकला.

पण जुन्या अभ्यासांत एक खोट होती. अशा कार्यक्रमात नाव घालणारे लोक बहुधा आधीपासूनच तब्येत जपणारे असतात. इलिनॉय विद्यापीठात सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून प्रयोग झाला, तेव्हा वर्षभरानंतर उपचारखर्चात ठळक फरक आढळला नाही. स्वतः बायकर यांनी झिरुई साँग यांच्यासह बीजेज या दुकानसाखळीत सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर तसाच प्रयोग केला. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. 'आम्ही व्यायाम करतो' असे सांगणारे वाढले, पण दीड वर्षानंतर रक्तदाब, साखर, खर्च आणि गैरहजेरी यांत लक्षणीय फरक नव्हता. आधीच्या आपल्याच निष्कर्षाला कसोटीवर घासण्याची ही वृत्ती दुर्मीळ आहे.

शिवाय प्रश्न खासगीपणाचा. २०१३ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाने आरोग्य प्रश्नावली न भरणाऱ्यांवर दरमहा १०० डॉलरचा भुर्दंड ठरवला. प्रश्नांत वैवाहिक जीवनातील अडचणींपासून गर्भधारणेच्या विचारापर्यंत सारे होते. प्राध्यापकांनी आवाज उठवला आणि काही आठवड्यांतच तो भुर्दंड स्थगित झाला.

आपल्याकडे औषधाचा खर्च बहुतांशी रुग्णाच्या खिशातून होतो, आणि गोळ्यांच्या पट्टीवर कमाल किंमत छापलेली असते. त्यामुळे पीबीएमसारखी व्यवस्था इथे रुजलेली नाही. पण कंपन्यांचे गटविमे वाढत आहेत, त्यांच्यासोबत वेलनेसची ॲपेही येत आहेत. अशा वेळी कर्मचाऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात: मला सल्ला देणाऱ्याला पैसे कोण देतो, माझी माहिती कोणाच्या हाती जाते, आणि झालेली बचत कोणाच्या खात्यात पडते? अमेरिकेला हे प्रश्न कायद्यात लिहायला कित्येक दशके लागली. आपल्याला ते करार होण्याआधीच विचारता येतील.