पेटीला गळा देणारे गोविंदराव टेंबे

मराठी घरांत परदेशांतून अनेक वस्तु आल्या. परंतु देव्हाऱ्याशेजारीं जागा मिळविणारी वस्तु एकच, आणि ती म्हणजे बाजाची पेटी. आमच्या बीड जिल्ह्यांत भजनी मंडळापाशीं एखादी जुनी पेटी नाहीं, असा गांव विरळाच. अंबेजोगाईकडे कीर्तन उभें राहिलें म्हणजे बुवांच्या एका बाजूस तबला व दुसऱ्या बाजूस पेटी ही असावयाचीच. इतक्या घरोब्याची झालेली ही पेटी; तरीही विद्वानांनीं तिच्यावर जेवढे दोष ठेवले तेवढे दुसऱ्या कोणत्याही वाद्याच्या वांट्यास आले नसतील. ते दोष खरे होते काय, आणि खरे असल्यास एका मराठी कलावंतानें त्यांवर कोणता उपाय केला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वाद्याचें कुळ पाहूं. पॅरिसच्या दबेन नांवाच्या कारागिरानें १८४० च्या सुमारास ही पेटी सिद्ध केली. तिचा भाता पायानें चालवावयाचा आणि वाजविणाऱ्यानें खुर्चीवर बसावयाचें. पुढें कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं तिला आपल्या बैठकीस सोयीचें रूप दिलें. जमिनीवर मांडी घालून बसावें, एका हातानें भाता हलवावा व दुसऱ्या हाताचीं बोटें पट्ट्यांवर फिरवावीं, अशी ही हातपेटी होय. तोंपर्यंत गाण्याच्या साथीस सारंगी असे. सारंगी ही गळ्याची प्रत्यक्ष सावली. परंतु तिचा संबंध नायकिणींच्या बैठकीशीं जोडला जात असल्यामुळें सुशिक्षित घरांनीं तिला उंबऱ्याबाहेर ठेविलें. पेटीस असा डाग नव्हता. शिवाय तिचे सूर रोज मिळवावे लागत नाहींत, म्हणून ती लेकीसुनांच्या हातीं निर्धास्तपणें देतां आली. पेटीचा हा प्रसार वाद्याच्या गुणांपेक्षां आमच्या सोंवळ्यामुळें अधिक झाला, आणि त्यांत सारंगियांवर अन्याय झाला, हें स्पष्ट बोललें पाहिजे.

आतां दोष पाहूं. आमच्याच मराठवाड्यांत, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास राहून, तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचिला. त्यांत एका सप्तकाच्या बावीस श्रुति सांगितल्या आहेत. पेटींत मात्र एका सप्तकास पट्ट्या बाराच. त्याही युरोपीय रीतीप्रमाणें समान अंतरावर बसविलेल्या. त्यामुळें षड्ज-पंचम जरी बहुतेक जुळले, तरी गांधार जुळत नाहीं. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडून शांतपणें कान दिला, तर तिच्यांतून आपोआप एक गांधार उमटतो; पेटीचा गांधार त्याहून किंचित् चढा असतो. दुसरा दोष याहून मोठा. गाणारा षड्जावरून गांधारावर जातो तो मधल्या साऱ्या वाटेला स्पर्श करीत जातो, हीच मींड. पेटीस ती वाटच नाहीं. तिच्याजवळ पायऱ्या आहेत, उतरण नाहीं.

हा दोष यंत्रांतच सुधारण्याचा प्रयत्न महाराष्ट्रांत झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साह्यानें श्रुतींची हार्मोनियमही तयार करविली. प्रयत्न मोठा अभ्यासपूर्ण होता. पण पट्ट्या वाढल्या तरी पायऱ्या त्या पायऱ्याच राहिल्या. तें वाद्य मैफलींत रुळलें नाहीं. उपाय निघाला तो दुसऱ्याच बाजूनें.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ रोजीं कोल्हापुराजवळ सांगवडें या गांवीं झाला. कोल्हापूरच्या देवल क्लबांत त्यांच्या कानांवर चांगलें गाणें पडलें. पेटी ते बव्हंशीं स्वतःच्या कष्टानें शिकले. गुरूनें बोट धरून पट्टीवर ठेवावें असा प्रकार नव्हता. परंतु विद्या त्यांनीं मिळविली ती गवयांपासून. भास्करबुवा बखले यांच्या साथीस ते बसत, आणि कोल्हापुरास असलेल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीचा त्यांनीं मनापासून ध्यास घेतला. पुढें खाँसाहेबांचें चरित्रही लिहिलें. पेटी वाजविणाऱ्यानें पेटीवाल्याचें अनुकरण न करितां गवयाचें करावें, हें त्यांच्या कलेचें मर्म आम्हांस वाटतें.

टेंबे यांचें वादन गायकी अंगाचें म्हणून नांवाजलें गेलें. गायकी अंगानें वाजविणें म्हणजे काय, हें थोडें फोडून सांगितलें पाहिजे. शेजारच्या स्वराचा निसटता कण देऊन मुख्य स्वरावर असें उतरावयाचें, कीं ऐकणाऱ्यास मधली वाट चालून आल्याचा भास व्हावा. भाता एकसारखा न हलवितां श्वासाप्रमाणें आंवरावयाचा व सोडावयाचा. जो स्वर पेटींत खोटा वाटतो त्यावर मुक्काम न करितां त्याला ओझरता स्पर्श करावयाचा, आणि गाणाऱ्यानें तो धरला असतां आपण गप्प बसावयाचें. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण, कारण बोटें चपळ असलीं म्हणजे स्वस्थ बसवत नाहीं. अशा रीतीनें पेटी मींड घेत नाहीं, तर ऐकणाऱ्याच्या कानाकडून ती पुरी करवून घेते. याच बळावर टेंबे यांनीं साथीच्या पेटीस स्वतंत्र वादनाचें आसन मिळवून दिलें.

हाच पेंच पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकासही पडला होता. अमेरिकेंतील निग्रो लोकांचें जाझ नांवाचें संगीत आपणांस अगदीं अपरिचित नाहीं; टेडी वेदरफर्ड हा त्यांच्यांतील नामांकित पियानोवादक १९३० नंतरच्या दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवीत असे व १९४५ सालीं कलकत्त्यास वारला. या संगीताचा प्राण असे कांहीं स्वर आहेत, कीं जे पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्यें पडतात. गळ्यास व तुतारीस ते साधतात, पियानोस साधत नाहींत. थेलोनियस मंक (१९१७–१९८२) या नव्या वळणाच्या वादकानें त्यावर युक्ति काढली ती ही, कीं शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबावयाच्या. कानास प्रथम तें कर्कश वाटतें. मग त्या दोहोंच्या मधला, न वाजलेला स्वर ऐकूं येऊं लागतो. त्याच्या स्वतःच्या नांवावरचीं ध्वनिमुद्रणें १९४७ पासून होऊं लागलीं आणि आरंभीं पुष्कळांनीं त्यास अडाणी ठरविलें. मंक व टेंबे यांचीं संगीतें निराळीं. पण यंत्रांत नसलेला स्वर यंत्राकडूनच सुचवून घ्यावयाचा, ही दोघांची बुद्धि एकाच जातीची म्हटली पाहिजे.

टेंबे केवळ वादक राहिले नाहींत. काकासाहेब खाडिलकरांचें ‘मानापमान’ १९११ सालीं किर्लोस्कर मंडळीनें रंगभूमीवर आणलें, त्याच्या पदांस चाली टेंबे यांनीं दिल्या. उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचा डौल त्यांत त्यांनीं असा आणिला, कीं नाट्यसंगीताचें वळणच बदललें. १९१३ सालीं बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन करण्यांत ते भागीदार होते. नंतर त्यांनीं स्वतःची शिवराज नाटक मंडळीही काढली. १९३२ सालीं प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत ते हरिश्चंद्र झाले, दुर्गा खोटे तारामती झाल्या, आणि संगीतही त्यांचेंच होतें. ‘माझा संगीत-व्यासंग’ हें त्यांचें पुस्तक १९३९ सालचें. संगीतावर घरगुती भाषेंत कसें लिहावें याचा तो आजही नमुना आहे.

आणि मग १ मार्च १९४० रोजीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीस बंदी केली. लायोनेल फील्डन हे तेव्हां तिचे प्रमुख होते. जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकारानें पेटीविरुद्ध कडक लिहिलें होतें, आणि रवींद्रनाथांसारख्यांचाही तिला विरोध होता. यांत मौजेची गोष्ट ही, कीं परदेशी पेटीस हद्दपार करण्याच्या कामीं परदेशी माणसांनींच पुढाकार घेतला. टेंबे त्या वेळीं साठीच्या उंबरठ्यावर होते. देश स्वतंत्र झाला तरी बंदी उठली नाहीं. १९५५ सालीं टेंबे निवर्तले तेव्हां, ज्या वाद्यास त्यांनीं मैफलींत मान मिळवून दिला, त्याला नभोवाणीचें दार बंदच होतें. तें उघडलें १९७१ सालीं, आणि तेंही प्रथम साथीपुरतेंच. दोष दाखविणाऱ्यांचें शास्त्र खोटें नव्हतें. चूक झाली ती निवाड्यांत. वाद्याचा गुन्हा पाहतांना वादकाची साक्षच कोणी काढली नाहीं.

ती साक्ष आज आपणांस काढतां येते. ‘अयोध्येचा राजा’ उपलब्ध आहे. त्यांत टेंबे यांचा गळाच ऐकावयास मिळतो, आणि जो इतका गाऊं शकतो त्याची पेटी कां गात असेल हें उमगतें. ‘मानापमाना’तील त्यांच्या चाली बालगंधर्वांच्या तबकड्यांवर आहेत. पेटी कशी बोलते हें ऐकावयाचें तर पी. मधुकर (१९१६–१९६७) यांनीं वाजविलेल्या नाट्यपदांच्या तबकड्या ऐकाव्या. शब्द नसतांही पद ओळखूं येतें. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांस २०१६ सालीं पद्मश्री मिळाली. आणि आमच्या शेजारच्या जालन्याकडून गेलेले आप्पा जळगांवकर (१९२२–२००९) यांची साथ कोणत्याही ध्वनिमुद्रणांत भेटली, तर एकदां गाणाऱ्यावरचें लक्ष काढून केवळ त्यांच्याकडे द्यावें. ते कोठें थांबतात तेवढेंच मोजावें.

एक गोष्ट घरोघरच्या पालकांस सांगावीशी वाटते. शाळेंत प्रार्थनेच्या वेळीं आम्हीं अनेक वर्षें पाहिलें आहे, कीं पेटी वाजत असेपर्यंत मुलें सुरांत असतात आणि पेटी थांबतांच सूर खालीं येतो. सूर त्यांच्या कानांत नसून पेटींत असतो. म्हणून मुलांस प्रथम तंबोऱ्यावर गाऊं द्यावें; हल्लीं तंबोरा खिशांतल्या फोनमध्येंही मिळतो. कान तयार झाल्यावर पेटी द्यावी. जुनी पेटी माळ्यावर पडली असल्यास भंगारांत घालूं नये. भात्याचें कातडें बदलून व सूर घासून ती पुष्कळदां पुन्हां चालती होते. टेंबे यांनीं पेटी सुधारली नाहीं. त्यांनीं कान सुधारला, आणि पेटीस त्याच्या मागून चालावें लागलें. आमच्या घरांतही हाच क्रम ठेवावा.