एका निबंधाचे गुण

यंदा जूनमध्ये दिंडोशीच्या एका शाळेने मला निबंधस्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावले. मराठीच्या प्राध्यापकाला याहून मोठा मान सहसा मिळत नाही! विषय नेहमीचाच, 'मी मोठी झाल्यावर'. डॉक्टर, वैमानिक, क्रिकेटपटू असा गठ्ठा उपसत असता सातवीतल्या एका मुलीचा कागद हाती आला. निबंध अवघा दोन ओळींचा. मी मोठी होईन तेव्हा मुंबई पाण्याखाली असेल, म्हणून मी काहीच ठरवलेले नाही.

"मोबाइलचे खूळ, दुसरे काय!" एक शिक्षक म्हणाले. खरे सांगायचे तर मीही हेच म्हणणार होतो.

पण विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "पाऊस लागला की ती दप्तर भरून बसते हो. घरी रात्र रात्र झोपत नाही."

शेजारीच कुरार. २०१९ च्या १ जुलैच्या रात्री तिथल्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत पावसात कोसळली आणि २५ हून अधिक माणसे गेली. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस झाला होता. ही मुलगी तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. तिची भीती मोबाइलमधून आलेली नव्हती.

मी तिला जवळ बोलावून म्हटले, "बाळ, घाबरू नकोस. काही होत नाही."

"सर, तुम्हांला नक्की माहीत आहे?"

यावर काय बोलणार? दहा देशांतल्या दहा हजार तरुणांची एक पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली; आपला देशही त्यांत होता. हवामानबदलाने फार धास्तावलेले त्यांत शंभरांत एकोणसाठ निघाले. मोठ्या माणसांनी, सरकारांनी आपल्याला फसवले असेही अनेकांना वाटत होते. मीही आता तेच करीत होतो की!

मग मी तिला २६ जुलै २००५ ची हकिगत सांगितली. कमरेएवढ्या पाण्यातून घर गाठताना मी किती घाबरलो होतो, तेही सांगितले. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम ७३!

तिचे डोळे प्रथमच चमकले. "एकाच मुंबईत? मग दिंडोशीत किती?"

मला कुठे ठाऊक! बाई म्हणाल्या, "आपणच मोजू या." हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणून मोठा पाऊस आणखी मोठा होतो, हेही त्यांनी लपवले नाही. सरळ अंगाची बाटली घ्यायची, गळा कापून उलटा बसवायचा, बाजूला पट्टी चिकटवायची. बाटलीचा तळ खोलगट असतो, तेव्हा तिथवर आधी पाणी भरून तिथेच शून्याची खूण करायची. (माझी पहिली बाटली इथेच फसली.) वेळशाळेप्रमाणे सकाळी साडेआठला नोंद. दहाबारा मुले तयार झाली. फळ्यावर आकडे झळकू लागले.

एकदा तिने विचारले, "सर, पाऊस ढगांनी पाडला. पण ती भिंत ढगांनी बांधली होती का?" बाईंनी तो प्रश्न फळ्यावर आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवला आहे.

बक्षीस तिला मिळाले नाही. दोन ओळींना मी तरी किती गुण देणार? सप्टेंबरात तिची वही पाहायला मिळाली. सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या, फक्त एका रविवारचा रकाना कोरा. बाईंना विचारले, तर त्या हसू लागल्या.

"शनिवारी रात्रभर धो धो कोसळत होता. आणि ही नऊ वाजेपर्यंत झोपून राहिली!"