मण्यार की कवड्या?

पावसाळ्यात उंदीर, बेडूक व पाली यांच्या मागोमाग साप घरात शिरतात. त्यांपैकी बहुतेक बिनविषारी असतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार मात्र प्राणघातक होत.

सर्वांत अधिक फसगत होते ती मण्यार आणि निरुपद्रवी कवड्या यांच्या बाबतीत. मण्यार काळी, चकचकीत असते. तिच्या अंगावरील पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात. ते मानेजवळ पुसट किंवा मुळीच नसतात व शेपटीकडे ठळक होतात. कवड्या बहुधा तपकिरी असतो. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरत जातात. ही पारख दुरूनच करावी. शंका असल्यास साप विषारीच समजावा.

मण्यार रात्री हिंडते व जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. दंशाच्या जागी वेदना वा सूज बहुधा नसते. त्यामुळे मुंगी चावली असेल, अशा समजुतीने माणूस पुन्हा निजतो. पुढे पोटात दुखते, पापण्या जड होतात, श्वास कोंडतो. अशा वेळी मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. जखम कापू नये, आवळून बांधू नये. रोग्यास चालू न देता त्वरित रुग्णालयात न्यावे. तेथील सर्पदंशावरील लस या चारही सापांच्या विषावर लागू पडते.

खाटेवर मच्छरदाणी नीट खोचून निजावे, रात्री विजेरी वापरावी, सरपण भिंतीपासून दूर रचावे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पावसापूर्वीच ही माहिती घरोघरी पोहोचवावी.