दोष बॅटरीत नव्हता

गोदामात पोत्यांच्या थप्प्या वाहून नेणारे बॅटरीवरचे पॅलेट ट्रक तुम्ही पाहिले असतील. अशा गाड्यांची देखभाल मी बरीच वर्षे केली. आज सांगतो आहे ती गोष्ट त्यांच्या चाकातल्या बेअरिंगची.

आमचा एक चालक दोनदा तक्रार घेऊन आला. “साहेब, गाडी जड चालते. दुपारीच बॅटरी उतरते.” मी बॅटरीत पाणी घातले, चार्जर तपासला आणि त्याला परत पाठवले. तिसऱ्या दिवशी उतारावर भरलेल्या गाडीचे पुढचे चाक जागीच अडकले. थप्पी कोसळली आणि शेजारी उभ्या असलेल्या हमालाच्या पायाचे हाड मोडले. चाक उघडले तेव्हा आतल्या बेअरिंगचे छर्रे झिजलेले निघाले. चाक नीट फिरत नव्हते, घासत होते. म्हणून मोटर जास्त वीज ओढत होती.

ही चाके लहान असतात. ८० मिलिमीटर व्यासाचे चाक एका मीटरमध्ये सुमारे चार वेळा फिरते, म्हणजे शंभर मीटरच्या एका फेरीत चारशे वेळा! शिवाय बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला, तर त्याचे आयुष्य निम्मे नव्हे, एक अष्टमांश होते. त्यात पॅकिंगची सुतळी आसाभोवती गुंडाळली गेली की सील फाटते, धूळ आत शिरते आणि ग्रीस खराब होते.

नवे बेअरिंग घेताना जुन्यावरचा क्रमांक वाचावा. आमच्या चाकात ६२०४ असे. शेवटच्या ०४ ला पाचने गुणले की आतला व्यास मिळतो, २० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ४७ आणि रुंदी १४. पण आकडे जुळले म्हणून थांबू नये. पुढे ‘२आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील असते, ‘झेडझेड’ असेल तर पत्र्याची झाकणे. धुळीच्या जागी रबरी सीलच बरे.

बसवण्याआधी बॅटरीची जोडणी काढावी. बेअरिंग चाकाच्या भोकात घट्ट बसते, म्हणून दाब बाहेरच्या कड्यावरच द्यावा. आतल्या कड्यावर हातोडा मारला, तर तो मार छर्‍यांमधून जातो आणि कड्यांना खळगे पडतात. नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी निकामी! एका चाकातली दोन्ही बेअरिंगे एकदमच बदलावीत.

त्या अपघातानंतर दर शनिवारी मी गाडी टेकूवर घेऊन प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहू लागलो. करकर ऐकू आली, चाक अडखळले किंवा डगमगले, की गाडी बाजूला.

तो हमाल काही महिन्यांनी कामावर परतला. चालकाने मला कधी बोल लावला नाही. पण गाडीचे दुखणे माझ्या आधी त्याच्या हाताला कळले होते. गाडी दिवसभर ज्याच्या हातात असते, त्याचे आधी नीट ऐकून घ्यावे. हत्यारांची पेटी मग उघडावी.