भाडेपावतीवर नाव कुणाचं?

आज बोलायचंय जेंट्रिफिकेशनवर. शब्द बोजड आहे, पण गिरणगाव बदलताना पाहिलेल्यांना अर्थ सांगायला नको. पैसेवाले येतात, भाडी चढतात, जुनी बिऱ्हाडं हलतात.

क्वीअर वस्त्यांबद्दल एक ठरलेली गोष्ट ऐकायला मिळते. पडक्या भागात गे मंडळी आली, त्यांनी घरं सजवली, कॅफे निघाले, मग श्रीमंत आले. न्यूयॉर्कपुरती तरी मला ही गोष्ट अर्धवट वाटते. तिच्यात मेलेली माणसंच नाहीत.

लेखिका सारा शुलमन यांनी ‘द जेंट्रिफिकेशन ऑफ द माइंड’ या २०१२च्या पुस्तकात नेमकं हेच मांडलंय. ईस्ट व्हिलेज, चेल्सी, हार्लेम, म्हणजे एड्सने जिथे घरंच्या घरं रिकामी केली, तिथेच भाडी भडकली, असं त्या म्हणतात.

हे घडतं कसं? न्यूयॉर्कमध्ये बऱ्याच जुन्या घरांची भाडी कायद्याने बांधलेली होती. थोडंफार आपल्या पागडीसारखं. जुना भाडेकरू आहे तोवर भाडं कमी, तो गेला की मालकाला वाढवायची वाट मोकळी. आता ऐंशीचं दशक डोळ्यांसमोर आणा. तिशी-चाळिशीतले पुरुष जातायत. लग्नाची मुभा नाही. करार एकाच्या नावावर. तो गेला की मागे राहिलेला जोडीदार कायद्याच्या लेखी निव्वळ पाहुणा! दुःख करायला उसंत नाही, आधी घर सोडा.

मिगेल ब्रास्ची यांच्यावर हीच वेळ आली. त्यांचे जोडीदार लेस्ली ब्लँचर्ड १९८६ साली वारले. दोघं मॅनहॅटनमध्ये दहा वर्षांहून जास्त एकत्र राहिलेले, पण करार ब्लँचर्ड यांचा. मालकाने घर सोडायला सांगितलं, ब्रास्ची कोर्टात गेले. १९८९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, कुटुंब म्हणजे फक्त लग्नाचं नाही नि रक्ताचं नाही. किती वर्षं एकत्र राहिले, खर्च कसा वाटला, लोकांत कसे वावरले, हेही बघा. घर वाचण्याचा रस्ता निघाला. पण तोवर किती दारांना कुलपं लागली होती!

ग्रीनिच व्हिलेजमधल्या सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलमध्ये १९८४ साली एड्ससाठी वेगळा वॉर्ड सुरू झाला होता. हॉस्पिटल २०१०मध्ये बंद पडलं. तिथे आता आलिशान फ्लॅट आहेत.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या ‘कुटुंबातल्या’ व्यक्तीला हक्क, तसं कुणी नसेल तर वारसाला. समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये नकार दिलाय. मग गिरगावातल्या एखाद्या चाळीत दोघं वीस वर्षं राहिले, पावती एकाची, आणि तोच गेला, तर दाराशी कोण येणार? मालक, नाहीतर गावाकडचा पुतण्या. चाळ पुनर्विकासाला निघालेली असेल तर पुतण्या जरा लवकरच येईल, कारण नव्या इमारतीतल्या घराचा हक्कही त्या पावतीवरूनच ठरतो.